पुढचा खंड कुठला उचलू?

प्रश्न: ताई, मी कॉलेजात शिकते. 'डीमन स्लेअर'चं अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) पाहिलं, मग त्याचे २३ खंड वाचून काढले आणि मांगाचं, म्हणजे जपानी चित्रकथांचं, वेड लागलं. त्यानंतर मात्र गाडी अडली. एका मित्राने 'वन पीस' सुरू करायला लावलं, पाचव्या खंडापाशी कंटाळा आला. मैत्रिणीने 'बर्सर्क' हातात दिलं, त्यातली क्रूरता सोसली नाही. मित्र म्हणतो, हे दोन वाचले नाहीस तर तू खरी वाचक नाहीस. मला अ‍ॅक्शन मनापासून आवडते, पण बायकांवर आणि लहान मुलांवर होणारे अत्याचार वाचवत नाहीत. शिवाय एक अडचण सांगायची लाज वाटते: मारामारीच्या पानांवर कुणी कुणाला मारलं हेच कधीकधी कळत नाही. अर्ध्या तासात खंड संपतो आणि हाती काही लागत नाही. पुढे काय वाचू? — गोंधळलेली नवी वाचक

उत्तर: नाव आधी सांगून टाकते. हिरोमू अराकावा यांची 'फुलमेटल अल्केमिस्ट' घे. २००१ ते २०१० या काळात ती एका मासिकात दर महिन्याला येत होती. एकूण २७ खंड, आणि गोष्ट पूर्ण झालेली आहे. नव्या वाचकाने पूर्ण झालेल्या मालिकेपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. आपण कुठे चाललो आहोत हे लेखिकेला ठाऊक असलं की ते वाचणाऱ्याला जाणवतं. सुरुवातीच्या खंडात सहज येऊन गेलेलं एखादं माणूस कितीतरी खंडांनंतर परत येतं आणि त्याचं येणं पटतं. तू 'डीमन स्लेअर' शेवटपर्यंत वाचलीस त्यामागेही हे एक कारण असणार: ती २३ खंडांत संपते आणि उगाच रेंगाळत नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. एडवर्ड आणि अल्फोन्स एल्रिक हे दोन भाऊ मेलेल्या आईला किमयेच्या जोरावर परत आणायला जातात. प्रयोग फसतो. एडवर्ड एक हात आणि एक पाय गमावतो. अल्फोन्सचं अख्खं शरीर जातं आणि त्याचा आत्मा एका पोकळ चिलखताला बांधलेला उरतो. गेलेलं परत मिळवायला दोघे निघतात. याहून जास्त सांगत नाही, तू वाच.

तुझ्यासाठी हीच मालिका का, ते मात्र सविस्तर सांगते. इथल्या किमयेला नियम आहेत. काही मिळवायचं तर तेवढ्याच मोलाचं काही द्यावं लागतं, शून्यातून काही घडत नाही. आधी समोरचा पदार्थ ओळखायचा, मग तो मोडायचा, मग नव्याने घडवायचा, असा तिचा क्रम आहे. स्कार नावाचा एक मारेकरी आहे, तो दुसऱ्या पायरीवरच थांबतो. मोडतो आणि सोडून देतो. त्याचा उजवा हात अंगाला लागला की माणूस संपला. एवढं एकदा कळलं की त्याच्या प्रत्येक लढाईत तुझी नजर आपोआप त्या हातावर राहते, आणि चौकटी कितीही वेगाने पळाल्या तरी तू हरवत नाहीस. कर्नल रॉय मस्टँग आपल्या हातमोज्यांच्या ठिणगीतून आग पेटवतो, म्हणजे पावसात हातमोजे भिजले की त्याची पंचाईत. अराकावांच्या लढाया 'कोण जास्त ताकदवान' या प्रश्नावर क्वचितच उभ्या असतात. या जागी, या घडीला, कोण काय करू शकतं आणि काय करू शकत नाही, यावर त्या उभ्या असतात. ज्या वाचकाला मारामारीचा माग लागत नाही तिच्यासाठी याहून चांगली मालिका मला माहीत नाही.

आणखी एक. इथल्या बायका स्वतः लढतात, हुकूम सोडतात, यंत्रं दुरुस्त करतात. नेमबाज रिझा हॉकआय, दोन्ही भावांची गुरू इझुमी, उत्तरेच्या किल्ल्याची सेनानी ऑलिव्हिए आर्मस्ट्राँग ही माणसं वगळली तर गोष्ट कोसळेल. अ‍ॅक्शन मांगात हे सरसकट मिळत नाही, म्हणून मुद्दाम सांगते आहे.

तू लिहिलेलं लक्षात ठेवून एक इशाराही देते. दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीलाच एका लहान मुलीचं आणि तिच्या कुत्र्याचं प्रकरण येतं. अत्याचार रंगवून दाखवलेला नाही, पण जे घडतं ते मनातून लवकर जात नाही. ते गाळू नकोस, कारण पुढे दोन्ही भावांच्या मनात जो सल राहतो त्याचं मूळ तिथे आहे. फक्त आधी माहीत असू दे, आणि झोपण्यापूर्वी वाचू नकोस. पुढे एका युद्धातल्या कत्तलीच्या आठवणीही येतात. तिथेही अराकावा हिंसेची मजा घेत नाहीत. मारणाऱ्याला त्याचं ओझं वागवायला लावतात.

आता मारामारीच्या पानांकडे वळू. लाज वाटायचं काहीच कारण नाही. तू अ‍ॅनिमेतून आली आहेस. तिथे हालचाल आयती मिळते, रंग आणि आवाज मिळतात, कुठल्या क्षणावर किती वेळ थांबायचं तेही दुसऱ्याने ठरवलेलं असतं. पानावर यातलं काहीच नाही. एका चौकटीत तलवार उचललेली दिसते, पुढच्या चौकटीत समोरचा कोसळलेला. वार मधल्या कोऱ्या पट्टीत होतो आणि तो तुझा तुलाच मनात घडवावा लागतो. 'डीमन स्लेअर' वाचताना तुला हे जाणवलं नसेल, कारण पडद्यावर पाहिलेल्या लढाया तू पानावर ओळखत होतीस. आधी न पाहिलेली लढाई समोर आली आणि अडलं.

लढाई सुरू होताना बहुधा एक रुंद चौकट येते, जागा दाखवणारी. घाईत सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिच्याकडेच होतं, कारण तिच्यात काही घडत नसतं. तिथे थांब. कोण कुठे उभं आहे, कुणाच्या कुठल्या हातात काय आहे, पाठीमागे भिंत आहे की कडा, एवढं बघून घे. पुढे गोंधळ उडाला की चौकटी एकेक करून उलट मोजत बसू नकोस, सरळ त्या रुंद चौकटीकडे परत ये.

मग रेषा. वेग दाखवणाऱ्या रेषा समांतर असतील तर त्या हालचालीची दिशा सांगतात. एका बिंदूकडे जमत असतील तर त्या नजर तिकडे ओढतात. आकृती स्पष्ट आणि मागचं सगळं रेषांत विरलेलं असेल, तर तू धावणाऱ्याच्या सोबत धावते आहेस. मागचं स्पष्ट आणि आकृतीच पुसट असेल, तर तू जागेवर उभी आहेस आणि कुणीतरी समोरून सुसाट गेलं. आवाजाची मोठी जपानी अक्षरं वाचता आली नाहीत तरी बिघडत नाही. ती कुठल्या बाजूला कलली आहेत आणि किती मोठी आहेत हे बघितलं तरी धक्का कुठून आला ते कळतं.

उजवीकडून डावीकडे वाचणं तुझ्या अंगवळणी पडलंच असेल. त्यातून एक गोष्ट निघते, ती नव्या वाचकांना सहसा कुणी सांगत नाही. वाचनाचा ओघ डावीकडे जातो, म्हणून चाल करून जाणारा पुष्कळदा डावीकडे तोंड करून काढलेला असतो, आणि उजवीकडे तोंड करून उभा असलेला त्याला अडवणारा वाटतो. हा काही कायदा नाही, तरी गर्दीच्या पानावर उपयोगी पडतो. पान उलटण्याचंही असंच. डाव्या पानाच्या तळाशी कुणाचे तरी डोळे विस्फारतात आणि कशामुळे ते उलटल्यावर दिसतं. चांगला चित्रकार मोठा तडाखा त्या उलटण्यासाठी राखून ठेवतो. फोनवर एकेक पान सरकवत वाचलं की ही रचना मोडते, आणि दोन पानांवर पसरलेलं चित्र तर मधोमध चिरलं जातं. तू फोनवर वाचत असशील तर तो आडवा धर आणि दोन पानं शेजारी शेजारी ठेव. छापील खंड मिळाला तर उत्तमच.

अर्ध्या तासात खंड संपणं हा दोष नाही. ही पानं वेगाने वाचली जावीत म्हणूनच आखलेली असतात. लढाई पहिल्यांदा धावतच वाच. निकाल कळला की तिच्या पहिल्या पानावर परत जा आणि या वेळी संवादांचे फुगे न वाचता फक्त चित्रं बघ. निकाल माहीत असल्यामुळे आता घाई नसते, आणि पहिल्या फेरीत निसटलेला एखादा पायाचा पवित्रा किंवा नजरेचा इशारा दिसतो. हाती काही न लागल्याची तुझी तक्रार यानेच जाईल असं मला वाटतं. आणि दोनदा बघूनही कळलं नाही, तर ते पानच नीट उतरलेलं नाही असं खुशाल समज. मुदतीच्या ताणाखाली काढलेली अशी पानं नामवंत मालिकांतही सापडतात.

डोळ्याला वळण लावायचं असेल तर अकिरा तोरियामा यांची 'ड्रॅगन बॉल' जोडीला ठेव. १९८४ ते १९९५ या काळात ती ४२ खंडांत झाली. मारामारी इतकी स्वच्छ काढणारा दुसरा चित्रकार मी तरी वाचलेला नाही. कोण कुठून आला, ठोसा कुठे लागला, मार खाणारा कुठे जाऊन आदळला, हे एकही शब्द न वाचता समजतं. पुढच्या भागात नायक गोकू 'सुपर सायन' या जास्त ताकदीच्या रूपात गेल्यावर त्याचे केस पानावर कोरे राहतात. त्याचं एक कारण तोरियामांनी स्वतः सांगितलं आहे: केसांत काळी शाई भरण्यात सहायकाचा फार वेळ जायचा, तो वाचला. ही काटकसर त्यांच्या पानांवर सगळीकडे आहे, आणि तिच्यामुळेच आकृती उठून दिसतात. सगळे ४२ खंड वाचायलाच हवेत असं नाही. १६ व्या खंडाशी गोकूच्या लहानपणापासून सुरू झालेली गोष्ट एका चांगल्या टप्प्यावर येते, इंग्रजी आवृत्तीत तर पुढचे खंड वेगळ्या नावाने निघाले. सुरुवातीच्या खंडांत गोकूचा म्हातारा गुरू कामे-सेनिन याचे बायकांबद्दलचे चावट विनोद आहेत. ते तुला खटकतील, मलाही खटकतात. तिसऱ्या खंडात मार्शल आर्टची स्पर्धा सुरू झाली की लक्ष लढतींकडे जातं.

'वन पीस'चा कंटाळा का आला असेल, याचं उत्तर ती कुठे छापली जाते त्यात दडलं आहे. 'वीकली शोनेन जंप' हे १९६८ साली सुरू झालेलं नियतकालिक आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यात त्याचा खप ६५ लाख प्रतींच्या घरात होता. तिथे एका मालिकेला आठवड्याला साधारण १९ पानं मिळतात, वाचकांचे कौल घेतले जातात, आणि मागे पडणारी मालिका बंद होते. त्यामुळे दर १९ पानांनी उत्कंठा ताणणं भाग पडतं आणि लोकप्रिय मालिका लांबत जाते. आठवड्याच्या अंतराने वाचणाऱ्याला हा ताण सुखाचा वाटतो. सलग पाच खंड वाचणाऱ्याला त्याच त्या चढ-उतारांचा शीण येऊ शकतो. 'फुलमेटल' मासिकातली, सुरुवातीच्या एकेका खंडात चारच प्रकरणं, म्हणून तिचा श्वास लांब आहे. तुला हा फरक लगेच जाणवेल.

एइइचिरो ओदा यांची 'वन पीस' १९९७ पासून चालू आहे आणि २०२१ मध्येच तिचा १०० वा खंड निघाला. ती वाईट नाही, उलट फार मोठ्या मनाची गोष्ट आहे. पण तू नेमकी ती रंगात येण्याआधी थांबलीस. पुढे कधी इच्छा झाली तर ११ व्या खंडापर्यंत जा. नामी या मुलीचं मागचं आयुष्य आणि आर्लाँग या खलनायकाशी झालेली लढाई तिथे पूर्ण होते. तेही भिडलं नाही तर मालिका निवांत सोडून दे.

'बर्सर्क'बद्दल तर मी तुझ्याच बाजूची आहे. केंतारो मिउरा हे विलक्षण चित्रकार होते. मे २०२१ मध्ये ते गेले, आणि आता त्यांचे सहकारी, मिउरांचे मित्र कोउजी मोरी यांच्या देखरेखीखाली गोष्ट पुढे नेत आहेत. पण त्या मालिकेत लैंगिक अत्याचार आहेत, ते उघड दाखवलेले आहेत, आणि कथेच्या केंद्राशी आहेत. तुझ्या आवडीच्या माणसाने ती मिटून ठेवणं हा योग्य निर्णय होता. कदाचित कायमचीच मिटून ठेवशील, तरी काही अडत नाही. वाचणाऱ्याला वाचक म्हणतात. त्यासाठी ठरावीक दोन मालिकांची परीक्षा नसते, हे मित्राला बिनधास्त सांग.

पुढे असा धक्का बसू नये म्हणून 'शोनेन' आणि 'सेइनेन' या शिक्क्यांवर विसंबू नकोस. पहिला मुलग्यांसाठीच्या आणि दुसरा तरुण पुरुषांसाठीच्या नियतकालिकांना लागतो. आत किती रक्त आहे ते त्यातून कळत नाही. माणसं खाणाऱ्या राक्षसांची 'अटॅक ऑन टायटन' शोनेन मासिकातच आली होती. त्यापेक्षा इंग्रजी खंडाच्या मागच्या बाजूला छापलेली वयाची शिफारस बघ. आणि पैसे घालण्याआधी चव घ्यायची असेल तर शुएइशा प्रकाशनाचं 'मांगा प्लस' हे अ‍ॅप २०१९ पासून आहे. त्यावर त्यांच्या बऱ्याच मालिकांची सुरुवातीची प्रकरणं इंग्रजीत फुकट आणि रीतसर वाचता येतात. चोरून टाकलेली पानं वाचू नकोस. चित्रं पुसट असतात, आणि काढणाऱ्याच्या हाती काही पडत नाही.

'फुलमेटल'नंतर काय, हेही तुझ्या मनात असेलच. मी 'मॉब सायको १००' देईन. वन या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाची ती १६ खंडांची, २०१७ मध्ये पूर्ण झालेली मालिका आहे. शाळकरी मॉबकडे अफाट मानसिक शक्ती आहे. ती माणसांवर वापरायची नाही असं त्याने ठरवलंय, आणि त्याला धड पळताही येत नाही म्हणून तो व्यायामाच्या मंडळात जातो. भावना दाबत राहिला की त्या साठतात, शंभर टक्क्यांवर पोचल्या की फुटतात. चित्रं पहिल्या नजरेला ओबडधोबड वाटतील. वीस पानं धीर धर. एवढ्या दांडग्या लढाया आणि एवढा मायाळू नायक एकत्र मी दुसरीकडे वाचलेला नाही.

'जुजुत्सु काइसेन' सध्या थांबव. लढाया जोरदार आहेत, पण त्यांचे नियम भराभर आणि दाटीवाटीने येतात, तुझी जुनी अडचण लगेच परत येईल. 'चेनसॉ मॅन'ही आत्ता नको, त्यातली क्रूरता तुला झेपणार नाही. माकोतो युकिमुरा यांची 'विनलँड सागा' मात्र वर्षभराने जरूर बघ. २००५ मध्ये सुरू झालेली ही व्हायकिंगांची गोष्ट सुरुवातीला रक्तपाताने भरलेली आहे, गुलामगिरीही येते. पण बापाच्या मारेकऱ्याचा सूड हेच ज्याचं आयुष्य झालंय, त्या मुलाला हिंसेपासून दूर कसं जाता येईल, हा प्रश्न तिने जितक्या गांभीर्याने घेतला आहे तितका फार थोड्या अ‍ॅक्शन मालिका घेतात. ताकेहिको इनोउए यांची 'व्हॅगबॉन्ड' चित्रांसाठी अप्रतिम आहे, तिच्यातला मुका वारा आणि गवतसुद्धा बघत बसावं असं. पण २०१५ पासून ती ३७ खंडांवर थांबलेली आहे, म्हणून ती सगळ्यात शेवटी.

तेव्हा सध्या 'फुलमेटल'चे चारच खंड आण. चौथ्याच्या अखेरीस अशी एक घटना घडते की पाचवा हवा की नको, हे कुणाला विचारावं लागत नाही. आणि नकोच वाटला, तर थेट 'मॉब'चा पहिला खंड उचल.